भोंगा सोडून

एकाहत्तरच्या डिसेंबरात
मल्लेशम दुडम पुण्याला गेला पॅसेंजरनं,
रेडिओवर हसवायला.
फडक्यात कडक भाकरी, पुडीत शेंगाचटणी,
आणि घशात तीन मिलचे तीन भोंगे.

पहिला सर्दी झालेल्या म्हशीसारखा.
दुसरा मध्येच दम खायचा.
तिसरा उंच चढायचा आणि उतरायचं विसरायचा.
लग्नात, बारशाला, गणपतीत
ओंजळ तोंडाशी धरून, डोळे मिटून
मल्लेशम हे तीन काढायचा,
आणि रातपाळी करून झोपलेले म्हातारे
आतल्या खोलीत चपला शोधायला लागायचे.

कार्यक्रम जवानांसाठी होता, बुधवारी, रात्री साडेआठला.
गाणी, पत्रं, नवराबायकोचं एक खोटं भांडण,
मध्ये दहा मिनिटं नकला.

पुण्याचा साहेब, चष्मा कपाळावर, घड्याळ तळहातात,
नळावरची नक्कल ऐकून टेबल बडवत हसला म्हणे.
एक बादली, चार बाया,
तेलुगू, कानडी, दखनी, मराठी,
आणि पाणी जायची वेळ.
जॉबरच्या शिव्या तेवढ्या त्यानं कापल्या.
मल्लेशमची हरकत नव्हती.
शिव्या काढल्या की जॉबर नुसता खोकत राहतो,
ते जास्तच वाईट ऐकू येतं.

मग त्यानं ओंजळ तोंडाशी नेली.

'हे नको,' साहेब म्हणाला.
'सायरन म्हणजे सध्या विमान.
तुम्ही इथं वाजवाल, आणि कुठं तरी एखादी बाई
तवा टाकून पोरांना पलंगाखाली ढकलेल.
युद्ध संपू द्या. मी पत्र टाकतो.'

इकडे साखर पेठेत, हणमंतू टेलरच्या दुकानात
खिडकीला खाकी कागद, दिव्याला काळं फडकं,
रेडिओच्या हिरव्या डोळ्यावरही अस्तराची चिंधी.
अंधारात तीस-चाळीस माणसं.
विडी पेटवायची नाही असं ठरलं होतं, तरी वास येत होता.
मी नऊ वर्षांची, शिलाई मशीनच्या पायट्यावर बसलेली.
माझ्या पुढं चंद्रम्मा, रेडिओला जवळजवळ कान लावून.
तिचा नरसय्या सरहद्दीवर बिनतारी खात्यात.
तिनं मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं होतं,
बुधवारी ऐक, आपला भोंगा येणार आहे.

मिलचे भोंगेही त्या दिवसांत बंदच.
पाळी झाली हे सांगायला
एक माणूस सायकलवरून घंटा वाजवत फिरायचा.
गाव बिनघड्याळाचं झालं होतं.

बादली सांडली. आम्ही हसलो.
जॉबर खोकला. आम्ही अजून हसलो,
कापलेल्या शिव्या सगळ्यांना पाठ होत्या.

आणि मग काहीच नाही.
तीन सेकंद, चार सेकंद, नुसती खरखर.
पुढं तो सांगायचा, मी विसरलो नव्हतो.
भोंग्याची जागा होती ती. मोकळी ठेवली.
दुकानात कुणी खोकलंसुद्धा नाही.
मागून कुणीतरी हळूच म्हणालं,
'पाळी झाली की बे.'
तोवर गाणं लागलं होतं.

युद्ध पंधरा दिवसांत आटोपलं.
नरसय्या मार्चात आला, एका कानानं बहिरा होऊन.
ऐकलंस का, असं चंद्रम्मानं विचारलं.
'हसू ऐकू आलं,' म्हणाला.
कुणाचं, ते सांगितलं नाही.

साहेबाचं पत्र काही आलं नाही.
लग्नात लोक मागं लागायचे, 'भोंगा कधी काढलालास बे?'
मल्लेशम बादली काढायचा, जॉबर काढायचा,
शिव्यांसकट काढायचा,
भोंग्याला मात्र हात जोडायचा. परवानगी नाही.
आम्हाला वाटलं, भाव खातोय.

मग मिलच बंद पडल्या, आधी एक,
आणि काही वर्षांनी उरलेल्या, मागोमाग.
आता चिमणीवर पिंपळ आहे. घारी बसतात.

परवा कन्ना चौकात भेटला.
दात नाहीत, गाल आत गेलेले,
चहाची बशी दोन्ही हातांनी धरलेली, ओंजळीसारखी.
मी जरा मोठ्यानंच म्हटलं,
मल्लेशमकाका, आता तरी काढा.
युद्ध संपून पन्नास वर्षं झाली.

त्यानं बशी खाली ठेवली, मिशी पुसली.
'असं?' म्हणाला.
'कुणी कळवलं तुला?'